फॉरमॅट मारायच्या आधी

वाचकांचे प्रश्न, लिनक्सची उत्तरं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आपल्या भागातनं लिनक्सबद्दलची पत्रं एकदम वाढलीत. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, सगळीकडनं. गोष्ट साधारण एकच असते, पीसी जुना पण धडधाकट, विंडोज ११ घेत नाही, म्हणून कुणीतरी त्याच्या जागी मिंट किंवा उबुंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकून देतंय, आठ दिवस छान जातात आणि नवव्या दिवशी काहीतरी अडतंय. मग दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारूया. मला हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण फॉरमॅटनं बिघाड जातो पण कारण कळत नाही, आणि महिन्याभरानं तोच बिघाड परत दारात उभा. काय बिघडलंय हे लिनक्स बहुतेक वेळा स्वतःच लिहून ठेवतं. ते वाचायची सवय लागली तर निम्मी पत्रं मला येणारच नाहीत, आणि मला त्याचा आनंदच होईल.

कमांड इथं उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाईप करताना इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत करा.

प्रश्न : दादा नमस्कार, चिक्कोडीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, लिनक्स मिंट वापरायलोय दीड वर्ष झालं. परवा अपडेट लावलं होतं आणि मधेच लाईट गेली, युपीएसची बॅटरी बसलेलीच होती. आता चालू केलं की काळ्या पडद्यावर कंसात इनिट्रॅमएफएस असं येतंय आणि नुसता कर्सर लुकलुकायलाय. दुकानात दाखवलं तर म्हणाले हार्डडिस्क करप्ट झालीय, फॉरमॅट मारावं लागतंय, डाटाची गॅरंटी नाही. गिऱ्हाईकांचे सगळे स्कॅन त्यात आहेत हो. काय करू सांगा की.

उत्तर : आधी एक श्वास घ्या आणि फॉरमॅटला नाही म्हणा. पीसी चालू होताना लिनक्स एक छोटी तात्पुरती सिस्टीम मेमरीत उभी करतं, तिचं नाव इनिट्रॅमएफएस. तिचं काम एवढंच, खरी डिस्क शोधायची, तपासायची आणि कारभार तिच्याकडं सोपवायचा. लाईट गेली तेव्हा डिस्कवरचं लिहिणं अर्ध्यावर राहिलं, म्हणजे वहीत नोंद एक आणि गोदामात माल दुसराच असं झालं. घोळ छोटा असला तर सिस्टीम स्वतःच मिटवते, मोठा दिसला की थांबते आणि माणसाला विचारते. तुमच्याकडं ती थांबलीय ती डाटा वाचवायलाच.

त्या कर्सरवर एक्झिट एवढंच टाईप करून एंटर दाबा. परत तिथंच येईल, पण आता वर एक ओळ दिसेल, अमुक पार्टिशनवर घोळ आहे, एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) हातानं चालवा, अशा अर्थाची. त्यात पार्टिशनचं नाव असतं, समजा /डेव्ह/एसडीए२. मग एफएससीके, एक जागा सोडून ते नाव, परत जागा सोडून -वाय. ओळी भराभर पळतील, पळू द्या. संपलं की रीबूट टाईप करा. बहुतेक वेळा डेस्कटॉप समोर येतो.

पण एक सांभाळा. त्याच पडद्यावर आय-ओ एरर अशा ओळी सारख्या यायला लागल्या, किंवा डिस्कमधनं टकटक आवाज येत असला, तर एफएससीके चालवू नका, डिस्कच मरायला टेकलेली असू शकते आणि दुरुस्तीच्या नादात उरलेलंही जाईल. अशा वेळी मिंटचा लाईव्ह पेनड्राईव्ह (त्यावरनंच मिंट चालतं, डिस्क लागत नाही) लावून बूट करा आणि आधी सगळे स्कॅन दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.

चालू झालं की अपडेटचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायचं. टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए (सुडो म्हणजे पुढची कमांड मालकाच्या हक्कानं चालव), आणि ते झालं की सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. समजा नवा कर्नलच (लिनक्सचा गाभा) अर्धवट बसला असला तर चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेन्यू काढा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल असतोय, त्यानं बूट करून वरच्या दोन कमांड द्या.

मिंटमध्ये टाईमशिफ्ट आहे, ते जरूर लावा, पण ते सिस्टीमच्या फायली सांभाळतं, तुमचे स्कॅन नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचाच. आणि युपीएसची बॅटरी बदला हो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्याशिवाय अपडेट लावूच नये.

प्रश्न : निपाणीतल्या एका सौहार्द सोसायटीत कारकून आहे. रोज संध्याकाळी स्कॅन केलेली कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी व्हावीत म्हणून बॅश स्क्रिप्ट (ओळीनं कमांड लिहिलेली फाईल) लिहिली, स्वतः शिकून. तीन भानगडी आहेत. ऑफिसच्या विंडोजवर लिहून आणली तर बॅड इंटरप्रीटर म्हणायली. ते कसंतरी मिटलं तर काही फायली कॉपी होतात, काही नाहीत. आणि हातानं चालवली तर चालते, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायला, टाकली की गप्प, एरर पण नाही काही नाही. स्क्रिप्ट सोबत पाठवतोय. चार रात्री घालवल्यात. सोडून देऊ काय?

उत्तर : सोडू अजिबात नका, चार रात्रींत तुम्ही जिथंवर आलाय तिथं पोचायला बऱ्याच जणांना महिने लागतात. आणि तुमच्या तिन्ही भानगडी अगदी ठरलेल्या आहेत, स्क्रिप्ट लिहिणारा प्रत्येक जण त्यांतनं गेलाय.

पहिली. विंडोजचं नोटपॅड प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा टाकतंय, लिनक्सला एकच लागते. त्यामुळं पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला एक न दिसणारं शेपूट चिकटतं आणि लिनक्स त्या शेपटासकटच्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं. डॉस२युनिक्स नावाचं छोटं टूल आहे, सुडो एपीटी इन्स्टॉल करून त्याला फाईलचं नाव द्या, झालं. यापुढं स्क्रिप्ट लिनक्सवरच लिहा.

दुसरी. तुम्ही पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये लूपच्या आत नुसतं डॉलर एफ लिहिलंय. तुमच्या फायलींची नावं बघा, "गट ११२ उतारा.पीडीएफ" अशी आहेत. बॅश जागा दिसली की शब्द तोडतंय, म्हणजे त्याच्या दृष्टीनं ही एक फाईल नाही, गट, ११२ आणि उतारा.पीडीएफ अशा तीन फायली आहेत, आणि तिन्ही अस्तित्वात नाहीत. ज्यांच्या नावात जागा नाही तेवढ्याच गेल्या. डॉलर एफच्या दोन्ही बाजूंना डबल कोट लावा. एवढंच. मी तर म्हणेन की डॉलर लिहिला की आधी दोन कोट टाईप करायचे आणि मग मधे जाऊन नाव लिहायचं, हाताला तशी सवयच लावून घ्या.

तिसरी जरा समजून घ्यायला पाहिजे. तुम्ही टर्मिनलमध्ये असता तेव्हा तुमच्याभोवती बरंच काही तयार असतं, तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये आहात, प्रोग्रॅम कुठं शोधायचे याची लांबलचक यादी, सगळं. क्रॉनला यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये "स्कॅन/" असा अर्धाच पत्ता आहे, क्रॉनला तो कुठला स्कॅन हे कळत नाही. प्रत्येक पत्ता / पासून पूर्ण लिहा. आणि गप्प का? तर ती गप्प नाहीच, ती बोलतेय पण ऐकायला कुणी नाही. क्रॉनटॅबमधल्या त्या ओळीच्या शेवटी >> मग एका लॉग फाईलचा (नोंदींची फाईल) पूर्ण पत्ता आणि मग २>&१ असं जोडा. उद्या सकाळी ती फाईल उघडा, काय अडलं ते शब्दांत लिहिलेलं असेल.

आता तुम्ही न विचारलेली चौथी, आणि हीच मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटली. समजा एखाद्या संध्याकाळी बाहेरची डिस्क लावायची राहिली. तुमची स्क्रिप्ट /एमएनटी/बॅकअप या फोल्डरमध्ये कॉपी करते. डिस्क लावलेली नसली तरी तो फोल्डर असतोच, रिकामा, त्याच पीसीच्या आतल्या डिस्कवर. स्क्रिप्ट बिनतक्रार तिथं कॉपी करेल, लॉगमध्ये सगळं ठीक दिसेल आणि तुम्ही सहा महिने समजत राहाल की बॅकअप होतोय. लोकांच्या ठेवींचे, कर्जाचे कागद आहेत ते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप लिहून पुढं दोन उभ्या रेघा आणि एक्झिट १ लिहा. डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबेल. आणि नुसतं थांबण्यापेक्षा, डिस्क नसेल तेव्हा लॉगमध्ये "डिस्क लावलेली नाही" अशी ओळ पडेल अशी छोटी इफ घातलीत तर आणखी बरं.

महिन्यातनं एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाईल दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. उघडली नाही तर तो बॅकअप नव्हेच.

प्रश्न : उद्यमबागेत जॉबवर्क करतोय. जुन्या सीएनसी लेथला (प्रोग्रॅमवर चालणारं लेथ मशीन) प्रोग्रॅम पाठवायला लॅपटॉप आणि युएसबी-सिरियल केबल आहे. विंडोज बंद पडलं म्हणून मुलानं उबुंटू २२.०४ टाकून दिलं. केबल लावली की लाईट लागतेय पण पोर्ट दिसत नाही. केबल नवी घेतली, तीच गत. डीमेसेज (लिनक्सच्या स्वतःच्या नोंदी दाखवणारी कमांड) मधल्या ओळी सोबत पाठवतोय: सीएच३४१ टीटीवाययुएसबी० ला जोडलं, मग बीआरएलटीटीवाय नावाचं काहीतरी येतंय आणि लगेच डिसकनेक्टेड. रोजचं काम थांबलंय.

उत्तर : मालक, तुम्ही त्या तीन ओळी जशाच्या तशा पाठवल्यात म्हणून उत्तर लगेच देता आलं. नाहीतर मीही तिसरी केबल घ्या म्हटलं असतं.

बीआरएलटीटीवाय हा अंध लोकांसाठीचा प्रोग्रॅम आहे, ब्रेल डिस्प्ले युएसबीला जोडला की तो चालवायला. अडचण अशी की काही ब्रेल यंत्रांत आणि तुमच्या स्वस्त केबलमध्ये सीएच३४० ही एकच चिप असते, ओळखीचा नंबरही तोच. उबुंटू २२.०४ मध्ये हा प्रोग्रॅम आधीपासून बसलेला असतो, केबल लावली की त्याला वाटतं ब्रेल यंत्र आलं आणि तो पोर्ट ओढून घेतो. तुमच्याकडं ब्रेल डिस्प्ले नसेल तर सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय करा, केबल काढून परत लावा, पोर्ट टिकेल. लॅपटॉप कुणी अंध व्यक्ती वापरत असेल तर मात्र काढू नका, मला कळवा, तेवढा एक नियम बंद करायची वेगळी रीत आहे.

पोर्ट दिसला की पुढची पायरी अडेल, परमिशन डिनाईड. सिरियल पोर्ट डायलआउट ग्रुपमधल्या युजरलाच उघडता येतो. सुडो युजरमॉड -एजी डायलआउट आणि पुढं तुमचं युजरनेम. यात ए छोटा, जी कॅपिटल, आणि ए विसरू नका. ए राहिला तर तो युजर बाकीच्या सगळ्या ग्रुपांतनं बाहेर पडतो, त्यात सुडोही आला, आणि मग नवंच दुखणं. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन.

आता पाठवायचं. मशीनच्या पॅरामीटरमध्ये काय सेट आहे ते आधी बघा, आपल्याकडच्या जुन्या मशीनवर बऱ्याचदा ९६०० स्पीड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट असतात. तसं असेल तर एसटीटीवाय -एफ (इथं एफ कॅपिटल) /डेव्ह/टीटीवाययुएसबी० ९६०० सीएस७ पॅरेनबी -पॅरऑड सीएसटॉपबी इक्सॉन इक्सॉफ. शेवटचे दोन शब्द गाळू नका. मशीनची मेमरी भरत आली की ते थांब म्हणून खूण पाठवतं, त्या दोन शब्दांमुळं लॅपटॉप ती खूण मानतो. ते नसले तर लॅपटॉप ओततच राहतो आणि मधल्या ओळी सांडतात. मग मशीनला रीडवर ठेवायचं आणि कॅट, फाईलचं नाव, > आणि पोर्टचं नाव. फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी % आहे ना बघा.

केबल काढून लावली की एसटीटीवायची ओळ परत द्यावी लागते, म्हणून दोन्ही ओळी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवा, मुलगा करून देईल. पहिल्यांदा पाठवलेला प्रोग्रॅम मशीनच्या स्क्रीनवर शेवटच्या ओळीपर्यंत ताडून बघा, आणि मग सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ) जॉब न लावता फिरवा. एक आकडा सांडला तर टूल चकमध्ये घुसतंय, तिथं घाई नको.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. शाळेच्या पीसीवर आता उबुंटू आहे. दहा-बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका उघडल्या की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्नडमधली जुनी परिपत्रकंही तशीच. एका मुलानं अक्षराला अक्षर बदलणारी स्क्रिप्ट करून दिली, तर सगळ्या वेलांट्या विस्कटल्या. आणि नवीन टाईप करताना ऱ्या काही केल्या येत नाही, "दऱ्या" लिहायला गेलं की "दर्या" होतं. मुलांना चुकीचं कसं द्यायचं?

उत्तर : बाई, फायली बिघडलेल्या नाहीत. त्या कृतिदेव, श्री-लिपी किंवा कन्नडच्या जुन्या नुडीसारख्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षराला स्वतःचा नंबर नसतो, इंग्रजी अक्षरालाच मराठी कपडे घातलेले असतात. कृतिदेवमध्ये डी दाबलं की क दिसतो, फाईलमध्ये मात्र डीच साठवलेला असतो. कपडे, म्हणजे तो फॉन्ट, पीसीवर नसला की आतला डी उघडा पडतो.

नुसतं छापायचं असेल तर जुन्या पीसीवरनं ती फॉन्टची फाईल आणा, तुमच्या होम फोल्डरमध्ये .लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स असा फोल्डर करून तिथं ठेवा, टर्मिनलमध्ये एफसी-कॅश -एफ द्या आणि लिबरऑफिस बंद करून परत उघडा. पण पुढं मजकूर बदलायचा, शोधायचा, मोबाईलवर पाठवायचा तर युनिकोडमध्ये (मराठी अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत) आणायलाच पाहिजे, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात.

एका मुलानं डी च्या जागी क, असं अक्षराला अक्षर बदलणारी स्क्रिप्ट करून दिली आणि सगळ्या वेलांट्या विस्कटल्या असं तुम्ही लिहिलंय. त्याला रागावू नका, त्याची दिशा बरोबर आहे. कृतिदेवमध्ये "कि" लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवतात, कारण कागदावर ती डावीकडं दिसते. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम, आधी क मग वेलांटी. रफाराचं उलट, "धर्म" मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये म च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी. म्हणून अक्षरं बदलून झाली की वेलांटी एक घर पुढं आणि रफार एक घर मागं सरकवायची पायरी लागते, आणि मधे जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराला ओलांडून. त्याला एवढं सांगा, तो करेल. रूपांतर झाल्यावर प्रत्येक पेपर एकदा डोळ्यांखालनं घालाच, ळ, ज्ञ, श्र हे बऱ्याचदा हुकतात.

आता दऱ्या. सेटिंग्जमध्ये कीबोर्डला मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट (भारतीय भाषांसाठी कीबोर्डवरची ठरलेली मांडणी) जोडा. त्यात र जे वर आहे आणि शिफ्ट जे वर ऱ, खाली टिंब असलेला. तोच पाहिजे. ओ दाबा द, शिफ्ट जे ऱ, डी हलन्त, तिरपी रेघ य, ई काना. आला की नाही दऱ्या? साध्या र ला हलन्त दिला की रफारच होणार, म्हणून "दर्या" व्हायलं होतं. फरक छोटा नाही, दऱ्या डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र.

इनस्क्रिप्टचा आपल्या सीमाभागात आणखी एक फायदा आहे. कन्नडचा इनस्क्रिप्ट लेआउट जोडलात तर कन्नडचा क सुद्धा के वरच, त सुद्धा एल वरच. मराठी बोटांत बसली की कन्नडसाठी बोटं नव्यानं शिकवावी लागत नाहीत. उबुंटूत विंडोजची की आणि स्पेस दाबून तिन्ही भाषा फिरवता येतात. मुलांना दाखवा, पटकन घेतात.

प्रश्न : संकेश्वरहून लिहितोय. एचपीचा जुना लेझर प्रिंटर मिंटवर वर्षभर चालला, अपडेटनंतर एकदम बंद. कागद पण ओढत नाही. सर्व्हिसवाले म्हणाले लिनक्सला आम्ही सपोर्ट देत नाही.

उत्तर : स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काहींना स्वतःची पक्की स्मरणशक्ती नसते, बटण बंद केलं की फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) पुसलं जातं आणि दर वेळी पीसीला ते नव्यानं भरावं लागतं. एचपीसाठी हे काम एचपीलिप करतं आणि त्याला एक वेगळं प्लगिन लागतं, दोघांची आवृत्ती एकच पाहिजे. अपडेटमध्ये एचपीलिप नवं आलं, प्लगिन जुनं राहिलं. टर्मिनलमध्ये एचपी-प्लगिन चालवा, नेट चालू ठेवून, मग प्रिंटर बंद करून परत चालू. रांगेत अडकलेली जुनी कामं ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ उघडून रद्द करा. पुढचा प्रिंटर घेताना एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेला घ्या, त्याला लिनक्सवर ड्रायव्हरच लागत नाही.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू आहे. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं. आणि उबुंटूतनं डी ड्राईव्हवर काही सेव्ह होत नाही. इंजिनिअरिंगला आहे, बेळगावात रूमवर राहतो.

उत्तर : लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजतं, फरक बरोबर साडेपाच तास. उबुंटूत टाईमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ द्या. डी ड्राईव्हचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप, त्यामुळं शटडाऊन केलं तरी ड्राईव्ह पूर्ण सोडला जात नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद कर.

प्रश्न : टिळकवाडीत अकाउंटिंगचं काम करते. ऑफिस लिनक्सवर न्यायचं ठरवलं पण डिजिटल सिग्नेचरचा युएसबी टोकन अडलाय. टोकनसोबत आलेला प्रोग्रॅम विंडोजचाच आहे. काही जुगाड?

उत्तर : ताई, यात मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. टोकन दिसणं आणि टोकननं सरकारी पोर्टलवर सही होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीसीएससीडी आणि ओपनएससी हे टोकन वाचणारे प्रोग्रॅम टाकले तर ईपास२००३ सारखा टोकन लिनक्सला ओळखता येतो, पण तो कंपनीच्या सॉफ्टवेअरनं तयार केलेला असला तर आतलं सर्टिफिकेट वाचता येईलच असं नाही. आणि वाचलं तरी पोर्टलचा सही करणारा भाग लिनक्ससाठी नसेल तर तिथंच खुंटलं. टोकनच्या कंपनीकडं लिनक्सचा ड्रायव्हर आहे का विचारा. नसेल तर एक विंडोजचा पीसी सहीपुरता ठेवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आतच चालवलेलं विंडोज) युएसबी आत पाठवूनही काहींचं भागतं. मुदत रात्री बाराला संपणार आणि नऊ वाजता प्रयोग, असं मात्र करू नका. पिन सारखी चुकली की टोकन लॉक होतो आणि ते उघडायचा त्रास वेगळाच.

प्रश्न : सर, मी येळ्ळूरची, डिप्लोमाला आहे. बाबांनी सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला, त्यावर मीच मिंट टाकलं. वायफाय येत नाही. एका ग्रुपवर विचारलं तर कुणी म्हणालं गुगल कर, कुणी म्हणालं तुला झेपणार नाही विंडोज टाक, एकानं एक लांब कमांड दिली ती पेस्ट केली तर आता साऊंडपण गेला. रडू आलं. लिनक्सला सपोर्टच नाही काय हो?

उत्तर : तुला जे बोलले ते चुकीचं बोलले, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतंय. जी मुलगी स्वतः पेनड्राईव्ह बनवून सिस्टीम टाकू शकते तिला झेपणार नाही असं म्हणायचा कुणाला अधिकार नाही.

सपोर्ट आहे, पण तो दुकानातला नाही, एकमेकांना मदत करणाऱ्या माणसांचा आहे, आणि त्या माणसांना तुझा लॅपटॉप दिसत नसतो. "वायफाय येत नाही" याची कारणं पन्नास असू शकतात, कुठलं ते तुझ्या लॅपटॉपला विचारायचं. आणि एक कायम पाळ, अनोळखी माणसानं दिलेली कमांड काय करते हे कळल्याशिवाय सुडो लावून चालवायची नाही. आरएम (फायली पुसायची कमांड) दिसला तर हात मागं. ती लांब कमांड जशीच्या तशी अजून सापडेल, टर्मिनलमध्ये हिस्टरी टाईप कर, त्यातली ती ओळ मला पाठव, उलटं काय करायचं ते मी बघून सांगतो.

आता वायफाय. आधी नेट आण, मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोड आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये युएसबी टेदरिंग चालू कर, मिंट ते लगेच ओळखतं. मग मेन्यूतलं ड्रायव्हर मॅनेजर उघड. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर तिथंच ड्रायव्हर दिसेल, निवडून रीस्टार्ट कर. त्या वेळी नवा पासवर्ड ठरवायला सांगितलं तर तो लिहून ठेव, कारण सेक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असलं तर रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, तिथं एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण तो पडदा घाबरून कंटिन्यू करून पुढं जातात, ड्रायव्हर बसलेला असतो पण सिस्टीम त्याला आत घेत नाही.

ड्रायव्हर मॅनेजरमध्ये काहीच दिसलं नाही तर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय -एनएनके दे. लांब यादी येईल, त्यात नेटवर्क कंट्रोलर लिहिलेली ओळ शोध आणि तिच्या खालच्या तीन ओळींसकट कॉपी कर, फोटो काढू नकोस, फोटोतला नंबर वाचताना चूक होते. त्या ओळीत चौकोनी कंसात मधे दोन टिंबं असलेला एक नंबर असेल, तोच कार्डाची खरी ओळख. खाली कर्नल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ आहे की नाही तेही सांग, नसली तर ती नाही हीच महत्त्वाची माहिती. सोबत मिंटची आवृत्ती, २१ की २२, आणि लॅपटॉपचं मॉडेल लिही. या चार ओळी आणि हिस्टरीतली ती कमांड आली की तुला पुढच्या अंकाची वाट बघायला लावणार नाही, पत्रानंच उत्तर पाठवतो.